आज खाणार की उद्या?

नासपती विकणाऱ्या बाईंनी तराजूकडे नेलेला हात थांबवला आणि विचारलं, ‘आज खाणार की उद्या?’

आपल्याकडे हापूसवाला एवढी चौकशी करतो. साध्या नासपतीसाठी मला कुणी असं विचारलं नव्हतं. म्हटलं, दोन आज, दोन उद्या. त्यांनी एकेक फळ देठापाशी अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं. दोन एका कागदी पिशवीत घातली, दोन दुसऱ्या. दुसऱ्या पिशवीच्या कोपऱ्याला एक पीळ दिला. पीळ दिलेली उद्याची. मागे सात-आठ माणसं रांगेत उभी होती आणि कुणाचीही चुळबुळ चाललेली नव्हती, कारण त्या प्रत्येकाला आपल्या पाळीला हेच हवं होतं.

ल्यों शहरातला सोन नदीकाठचा हा सेंत-आंत्वान धक्क्यावरचा बाजार. सोमवार सोडून रोज सकाळी भरतो आणि दुपारी एकच्या सुमाराला आवरतो. आम्ही गेलो ते ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. नदीवर धुकं, काठाच्या चिनार जातीच्या झाडांची पानं पिवळी पडून ताडपत्रीवर साचलेली. माझ्याबरोबर माझी थोरली बहीण होती. ताई पक्की शाकाहारी, आणि तिचे गुडघे दुखतात. फ्रान्समध्ये या दोन्ही गोष्टींची अडचण होईल असं घरातल्या सगळ्यांनी बजावलं होतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका प्रवासी कंपनीबरोबर युरोपला जाऊन आलो होतो. पॅरिससाठी दीड दिवस होता. आयफेल टॉवर, नदीतली फेरी, अत्तराचं दुकान, बस. परतल्यावर ताई म्हणाली होती, ‘मला तिथली एक भाजीवालीसुद्धा दिसली नाही गं.’ ते वाक्य माझ्या मनात राहिलं. म्हणून या वेळी ठरवलं की एकच शहर, आठ दिवस, राहायला एका घरातली खोली, आणि रोजची सुरुवात बाजारातून. पॅरिसहून ल्योंला जायला वेगवान गाडीनं दोन तास लागतात. फ्रान्सची पहिली टीजीव्ही 1981 मध्ये याच दोन शहरांमध्ये धावली. त्यामुळे बरेच लोक ल्यों सकाळी जाऊन संध्याकाळी ‘करून’ येतात. तसं करू नये, एवढंच मी कळकळीनं सांगेन.

बाजाराचे काही नेम आहेत आणि ते पहिल्याच दिवशी शिकून घ्यावेत. आधी ‘बोंजूर’ म्हणायचं. ते न म्हणता भाव विचारला तर समोरचा माणूस उत्तर देतो, पण चेहरा मिटतो. फळांना हात लावायचा नाही. निवडण्याचं काम विकणाऱ्याचं, आणि ते तो मनापासून करतो. प्रत्येक ढिगावर भावाच्या पाटीबरोबर माल कुठला आहे तेही लिहिलेलं असतं. जिथे ‘प्रोड्युक्तर’ अशी पाटी आहे तिथे शेतकरी स्वतः उभा असतो. तिथे माल थोडा, मोसमी आणि कधी कधी ओबडधोबड असतो. तिथेच रांग लांब असते. आम्ही दोन दिवसांत त्या रांगा ओळखायला लागलो. ग्रनोबलकडचे ताजे अक्रोड, चिखल न पुसलेली जंगलातली अळंबी, चेस्टनट, कापून ठेवलेल्या भोपळ्याच्या केशरी फाका. थंडी वाढली की इथे ‘कार्दों’ नावाची भाजी येते. सेलरीसारखे जाड, करडे दांडे. आर्टिचोकची बहीण म्हणावी अशी, सोलायला किचकट, आणि ल्योंच्या नाताळात तिच्यावाचून पान पुरं होत नाही.

त्या आठवड्यात बाजाराची एक बाजू कुंड्यांमधल्या शेवंतीनं भरून गेली होती. पिवळी, पांढरी, गडद लाल. ताई थांबलीच. लक्ष्मीपूजन दोन दिवसांवर होतं, आणि परक्या गावात शेवंती भेटली म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. फुलवाल्यानं विचारलं, कुठल्या कबरस्तानात जाणार? मग उलगडा झाला. 1 नोव्हेंबर हा फ्रान्समध्ये सर्व संतांचा दिवस. सुट्टी असते, लोक आपापल्या गावी जाऊन घरच्यांच्या कबरी झाडूनपुसून त्यांवर शेवंती ठेवतात. इथे शेवंती गेलेल्या माणसांची. कुणाच्या घरी भेट म्हणून ती चुकूनही न्यायची नाही. फुलवाल्यानं हे फार हळुवारपणे सांगितलं. ताई म्हणाली, ‘म्हणजे त्यांची सर्वपित्री.’ तिनं शेवंती घेतली नाही, डेलियाचा एक जुडगा घेतला. पण त्या कुंड्यांपाशी ती हात जोडून क्षणभर उभी राहिली, आणि फुलवाल्यानंही मान लववली.

बाजाराच्या पाठीमागे धक्क्याचा कठडा आहे. आम्ही तिथे बसून पाव आणि चीज खायचो. समोर नदीपलीकडे जुनं न्यायालय दिसतं, 24 खांबांचं. तिथे 1987 मध्ये, दुसऱ्या महायुद्धातला ल्योंचा गेस्टापो प्रमुख क्लाउस बार्बी याच्यावर खटला चालला आणि त्याला जन्मठेप झाली. ज्यां मूलां हा फ्रेंच प्रतिकार चळवळीचा मोठा नेता 1943 मध्ये ल्योंच्या सीमेवरच्या काल्वीरमध्ये पकडला गेला होता, तो याच बार्बीच्या माणसांच्या हातून. इतक्या जवळून ते खांब पाहत पाव खाताना घास थोडा जड होतो. पण या शहरात असंच आहे. खाणं आणि इतिहास एकाच काठावर बसलेले आहेत.

ताईच्या शाकाहाराचं काय झालं ते सांगायला हवं, कारण आपल्याकडून जाणाऱ्या निम्म्या लोकांना तीच काळजी असते. ल्योंमधल्या पारंपरिक खाणावळींना ‘बूशों’ म्हणतात. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खांद्याला खांदा लागेल अशी बाकं, आणि 46 सेंटिलिटरची जाड बुडाची वाईनची बाटली, जिला नुसतं ‘पो’ म्हणतात. तिथला बहुतेक स्वयंपाक मांसाचा, त्यातही वजडी, पाय, कलेजी, मूत्रपिंड अशा भागांचा. वजडीला पावाचा चुरा लावून तळलेला ‘ताब्लिये द सापर’ हा तिथला मानाचा पदार्थ. कारण उघड आहे. चांगला तुकडा श्रीमंताच्या घरी जायचा, उरलेलं विणकर आणि हमाल खायचे, आणि उरलेल्याचं सोनं करणं हीच या शहराची पाककला.

पण त्याच यादीत ‘सर्व्हेल द कानू’ होतं. शब्दशः अर्थ ‘विणकराचा मेंदू’. ताईनं नाव ऐकून हात मागे घेतला. वाढणाऱ्या मुलीनं घाईघाईनं समजावलं, यात मेंदूबिंदू नाही, फ्रोमाज ब्लां आहे. आणि खरोखर, वाडग्यात आलं ते आपल्या चक्क्याचं भावंड होतं. घट्ट, गार, किंचित आंबट. त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, कांद्याच्या पातीसारखी चाइव्हची हिरवी पात, लसूण, मीठ-मिरी, थोडं तेल, थोडं व्हिनेगर. बरोबर उकडलेले बटाटे. साखरेऐवजी कांदा पडलेला चक्का. ताईनं तो पावाला लावून वाडगा पुसून खाल्ला. पुढचे सगळे दिवस आम्ही फ्रोमाज ब्लां बाजारातून आणून खोलीवर स्वतःच कालवलं. दुधात आणि सायीत शिजवलेल्या बटाट्याच्या चकत्या, मऊ पडून बशीत पसरणारं सें-मार्सेलां चीज, आणि लालभडक साखरेत घोळलेल्या बदामांची ‘प्रालीन’ टार्ट. तिची कुठेच आबाळ झाली नाही. मात्र हिरव्या कोशिंबिरीतसुद्धा डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची इथे पद्धत आहे, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

मी केनेल खाल्लं. नदीतल्या ‘पाइक’ माशाला काटे फार, नुसता खाणं जिकिरीचं. म्हणून त्याचं मांस वाटून, गाळून, त्यात अंडं, लोणी आणि पीठ घालून लांबट गोळे करतात आणि वर खेकड्याच्या जातीतल्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची सायीची रस्सेदार आमटी ओतून भट्टीत फुगवतात. ताटात आलेला गोळा कापला तर आत फक्त हवा आणि मऊपणा. काट्यांच्या माशाचं हे असं व्हावं, यामागे किती हातांची मेहनत असेल.

त्या हातांमधले बरेच हात बायकांचे होते. ल्योंमध्ये त्यांना ‘मेर’ म्हणतात, आई. श्रीमंत घरांत स्वयंपाकाला असलेल्या या बायका पुढे स्वतःच्या खाणावळी काढून उभ्या राहिल्या. त्यांतली सगळ्यांत मोठी एजेनी ब्राझिए. 1895 चा जन्म, ब्रेस भागातल्या शेतकऱ्याच्या घरी. लहानपणी डुकरं राखायची. दहाव्या वर्षी आई गेली. लग्नाआधी मूल झालं म्हणून बापानं घराबाहेर काढलं. ल्योंमध्ये घरकाम करत ती स्वयंपाक शिकली, आणि 1921 मध्ये र्यू र्वायाल या रस्त्यावर तिनं स्वतःचं रेस्टॉरंट उघडलं. 1933 मध्ये मिशलॅंनं तिच्या या आणि नंतर काढलेल्या दुसऱ्या, अशा दोन्ही रेस्टॉरंटांना तीन-तीन तारे दिले. एका वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती. पुढे जगभर गाजलेला पॉल बोक्यूज तरुणपणी तिच्याकडे कामाला होता. गायींची धार काढणं आणि कपडे धुणं हेही त्या कामात येत असे. आज ल्योंच्या बंदिस्त मोठ्या बाजाराला बोक्यूजचं नाव आहे. तो बाजार जरूर पाहावा, पण माझं मन नदीकाठच्या उघड्या बाजारात जास्त रमलं. र्यू र्वायालवरच्या त्या दारासमोर उभं असताना मला गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवत होत्या. चाळीच्या एका खोलीत वीस-वीस कामगारांचं जेवण रांधणाऱ्या त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्यांच्या हातच्या सुकटीला आणि वालाच्या बिरड्याला कुणी तारे दिले नाहीत, आणि द्यायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

ल्योंला दोन टेकड्या आहेत. फुर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि क्र्वा-रूस ही काम करणारी टेकडी, असं तिथे म्हणतात. पहिलीवर पांढरी बॅसिलिका आहे आणि थोडं खाली रोमन रंगमंडल. इसवी सनापूर्वी 43 मध्ये वसवलेल्या लुग्दुनुम नगरीचं, म्हणजे रोमन काळातल्या ल्योंचं ते. वर जायला दोरखंडावर ओढली जाणारी गाडी आहे, तिला गावकरी ‘सुतळी’ म्हणतात. वरून शहर छान दिसतं. आम्ही तासाभरात उतरलो, कारण आमचा जीव दुसऱ्या टेकडीवर होता.

आमची खोली क्र्वा-रूसवर होती. मेट्रोची एक शाखा दातेरी चाकांवर ही टेकडी चढते, त्यामुळे ताईच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटला. वर गाडीनं जायचं, खाली चालत उतरायचं. घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. घर जुन्या रेशीम-विणकराचं. आत शिरल्यावर आधी मान वर जाते, कारण छत चार मीटर उंच आहे आणि खिडक्या जवळजवळ तेवढ्याच उंच. एका कोपऱ्यात लाकडी माळा. मादामनी सांगितलं, खाली माग असायचा, माळ्यावर सगळं कुटुंब झोपायचं. उंची माणसांसाठी ठेवलेली नव्हती, मागासाठी होती.

तो माग जॅकार्डचा. जोसेफ मारी जॅकार्ड ल्योंचाच, 1752 चा जन्म. 1804 च्या सुमाराला त्यानं आधीच्या कारागिरांच्या कल्पना एकत्र आणून मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बसवली. भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तिथला खाली राहतो. पुठ्ठा बदलला की पुढची ओळ. नक्षी आता पुठ्ठ्यांवर लिहिलेली होती, आणि धागे उचलायला शेजारी बसणाऱ्या पोराची गरज उरली नाही. 1839 मध्ये खुद्द जॅकार्डचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला 24,000 पुठ्ठे लागले. चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेजच्या घरी होती. गणकयंत्राला भोकांच्या पुठ्ठ्यांनी सूचना द्यायची वाट त्यानं जॅकार्डकडूनच घेतली.

‘मेझों दे कानू’ या विणकरांच्या संग्रहालयात एक माग चालवून दाखवतात. ‘बिस्तांक्लाक’ असा त्याच्या आवाजासाठी ल्योंकरांचा शब्दच आहे. धोटा सरकला, फणी आपटली, वर पुठ्ठा फिरला, आणि ताई पुढे झुकून म्हणाली, ‘अगं, हे तर येवल्यातलं!’ खरंच होतं. येवल्याला पैठणीच्या मागांवर हेच पुठ्ठे लोंबताना आम्ही दोघींनी पाहिले होते, लहानपणी मावशीच्या लग्नाच्या खरेदीला गेलो तेव्हा. ताईनं सामानातून पैठणीचा बटवा काढून दाखवायला दिला. विणकरानं तो उलटा केला, मागचे धागे भिंगाखाली पाहिले, आणि बराच वेळ परत दिला नाही.

विणकरांना इथे ‘कानू’ म्हणत. दिवसाचे चौदा-सोळा तास काम, मजुरी नगावर, आणि दर व्यापारी ठरवणार. 1831 च्या शरदात किमान दराचा करार झाला. काही व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला. नोव्हेंबरात कानू काळा झेंडा घेऊन याच टेकडीवरून खाली उतरले आणि शहर त्यांच्या ताब्यात आलं. काही दिवसांनी सुमारे 20,000 सैनिक आले, दराचा करार रद्द झाला. 1834 मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो रक्तात बुडवला गेला. आम्ही ज्या उतारानं बाजारात उतरायचो, तोच तो उतार.

त्या उतारावर आणि नदीपलीकडच्या जुन्या ल्योंमध्ये ‘त्राबूल’ आहेत. एका रस्त्यावरचं साधं दार ढकलावं, अंधाऱ्या बोळातून आत जावं, अंगण लागावं, जिना लागावा, आणि दुसऱ्याच रस्त्यावर निघावं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या बोळांतून वाढलेल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटतं. विणकर यातून रेशमाचे तागे न भिजवता नेत. युद्धात प्रतिकार चळवळीची माणसं यांतूनच निसटत. चाळीसेक त्राबूल आज लोकांना खुले आहेत. आत माणसं राहतात. महापालिका देखभालीला हातभार लावते आणि रहिवासी दिवसा दार उघडं ठेवतात, असा समझोता आहे. म्हणून आत हळू बोलायचं. व्होरास अंगणातल्या भव्य दगडी जिन्याखाली आम्ही उभ्या होतो, तेव्हा वरून कुणीतरी फोडणी दिल्याचा, लोण्यात कांदा पडल्याचा आवाज आणि वास एकदमच खाली आला.

जुनं ल्यों टिकलं हेही आपोआप झालेलं नाही. युद्धानंतर तिथली घरं मोडकळीला आली होती, रस्त्यासाठी पाडायचे बेत होते. रहिवासी उभे राहिले. 1964 मध्ये, संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांच्या कायद्याखाली, फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग म्हणून ते घोषित झालं. 1998 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

एक दुपार मोंप्लेझिर भागासाठी राखून ठेवा. तिथे ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याची एक शेड उभी आहे, आणि समोरच्या रस्त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. मार्च 1895 मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार तिथे चित्रित झाले. मिनिटभरही नाही, टोप्या घातलेल्या बायका, एक कुत्रा, सायकली. 7 जुलै 1896 ला मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांच्या माणसानं ही हलती चित्रं दाखवली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादांनी कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं. ती शेड आज चित्रपटगृह आहे. कामगार ज्या बाजूनं बाहेर पडले, त्याच बाजूला आम्ही बसलो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ताईनं खोलीत डेलिया मांडले, पुण्याहून आणलेले शंकरपाळे बशीत काढले आणि मादामना बोलावलं. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, ‘ही तर आमची बून्य!’ फेब्रुवारीत, उपासाचे दिवस सुरू होण्याआधी, ल्योंमध्ये घरोघर कणकेचे तुकडे तळून वर साखर भुरभुरतात. त्यांची आई ती कागदावर पसरून ठेवायची, म्हणाल्या, आणि आठवडाभर पुरायची.

पणत्या आमच्याकडे नव्हत्या. ताईनं ते बोलून दाखवलं, मी भाषांतर केलं. मादाम उठल्या, माळ्याखालच्या कपाटातून बुटांचं एक खोकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले काचेचे पेले. बाहेरून उभ्या रेघा असलेले, तळव्यात मावतील एवढे, काही साधे, काही लाल, दोन निळे. यांना ‘ल्युमिन्यों’ म्हणतात. 1852 मध्ये फुर्व्हिएरवर मेरीची मूर्ती बसवायची होती. नदीच्या पुरामुळे सप्टेंबरातला सोहळा 8 डिसेंबरवर गेला, आणि त्या संध्याकाळी वादळ आलं. रोषणाई रद्द होणार, तेवढ्यात आकाश मोकळं झालं. लोकांनी आपणहून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर 8 डिसेंबरला लावतात. आता त्या दिवसांत शहरभर मोठा प्रकाशोत्सव असतो, लाखोंची गर्दी लोटते. मादाम मात्र खिडकीतले पेले तेवढे लावतात.

त्यांनी एकेक पेला फडक्यानं पुसला आणि त्यात बुटकी मेणबत्ती बसवली. ताईनं काडी ओढली. उंच खिडकीच्या कठड्यावर अकरा दिवे लागले. लाल काचेच्या दिव्याची सावली छतापर्यंत गेली, जिथे कधी पुठ्ठे फिरायचे. समोरच्या घराची झडप उघडली आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढून विचारलं, ‘मादाम, आज आठ तारीख आहे का?’

‘नाही,’ मादाम म्हणाल्या, ‘यांची आज आहे.’

ते आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्याही कठड्यावर एक दिवा आला.